किती वाजताचं?

कामानिमित्त पाच महिने इटलीत, सालेर्नोला राहायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज जिथे बनतं तिथे जाऊन, बनवलं त्याच दिवशी खायचं. नेपल्सच्या दक्षिणेला समुद्राकाठी हे शहर आहे. त्याच्या खाली सेले नदीचं सपाट मैदान पसरलंय आणि त्यात बात्तिपाल्या, एबोली, पेस्तुम ही गावं. म्हशींचे गोठे तिथलेच. म्हणजे मी अगदी उगमापाशी राहायला चालले होते. तरीही खरं चांगलं मोझरेला तोंडात पडायला दीड महिना गेला, कारण दुकानात मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटमधून एक पाकीट आणलं. आत पांढराशुभ्र, गुळगुळीत, गोल गोळा. चावला की रबरासारखा दबायचा आणि चव म्हणाल तर दुधाची पुसटशी आठवण. पाकिटावर नुसतं ‘मोझरेला’ लिहिलेलं. नंतर कळलं की ते गायीच्या दुधाचं होतं, आणि कारखान्यात विरजणाऐवजी सायट्रिक आम्ल घालून झटपट केलेलं. इथे एक सांगायला हवं, गायीच्या दुधाचं म्हणजे कमी प्रतीचं असं मुळीच नाही. तिकडे त्याला ‘फिओर दी लात्ते’ म्हणतात, आणि अमाल्फीच्या वरच्या डोंगरातल्या आजेरोला गावचं फिओर दी लात्ते नेपल्सचे पिझ्झावाले मोठ्या मानाने वापरतात. त्या डोंगरांचं नावच मुळी ‘मोंती लात्तारी’, म्हणजे दुधाचे डोंगर. म्हशीच्या मोझरेलाला भट्टीत फार पाणी सुटतं, म्हणून पिझ्झावर हेच बरं. माझं पाकीट या घराण्यातलं नव्हतं, एवढंच.

मग मी नाव आणि शिक्का बघून घ्यायला लागले. ‘मोझरेला दी बुफाला काम्पाना’ या नावाला युरोपीय संघाचं डीओपी संरक्षण आहे, १९९६ पासून. ठरलेल्या भागातल्या म्हशींचंच दूध, ठरलेल्या भागातच बनवलेलं. त्यात काझेर्ता आणि सालेर्नो हे मुख्य जिल्हे, शिवाय नेपल्स, दक्षिण लात्सियो वगैरेंचा काही भाग. तर असं डीओपीचं पाकीट आणलं, घरी येऊन आतलं पाणी ओतून दिलं, गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि तीन दिवसांनी पाहुणे आले तेव्हा कापला. बाहेरून बुळबुळीत, आतून घट्ट आणि चवीला थंडगार. मी शिक्क्यावर चिडले. शिक्क्याचा काहीच दोष नव्हता.

तिसरा फटका रोममध्ये बसला. एका दुकानात काचेमागे सुंदर गाठ मारलेले बुर्राते, म्हणजे आत साय भरलेल्या चीजच्या पिशव्या, मांडले होते. मी विचारलं, ‘सर्वांत चांगला कोणता?’ दुकानदाराने सर्वांत महागडा काढून दिला. संध्याकाळी सुरी लावली तर आतली साय आंबलेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. पण त्या रात्री मी फार हिरमुसले, हे खरं.

सालेर्नोत परतल्यावर हे सगळं घरमालकीणबाईंना सांगितलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं, खालच्या मजल्यावर राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिन्योरा म्हणायची, मीही म्हणायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तू त्याला किती वाजताचं ते विचारलंस का?’

‘किती वाजताचं म्हणजे?’

‘अगं, कुठल्या दिवसाचं ते तर विचारायचंच. पण मोझरेलाला दिवस मोठा होतो. सकाळचं आणि रात्रीचं वेगळं असतं. कोणतं चांगलं असं विचारलंस तर प्रत्येक दुकानदार स्वतःचंच दाखवणार.’

त्या शनिवारी त्या मला बरोबर घेऊन निघाल्या.

चीज बनवतात त्या जागेला तिकडे ‘कासेइफीचो’ म्हणतात आणि बनवणाऱ्याला ‘कासारो’. आम्ही सालेर्नोहून सकाळी लवकरची लोकल धरली. पेस्तुमपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. पेस्तुम ग्रीकांनी वसवलेलं गाव, इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातली तीन डोरिक देवळं अजून उभी आहेत. त्या देवळांपासून थोडं पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हशी. काळ्या, चकचकीत, चिखलात बसलेल्या. हा सगळा भाग एके काळी दलदलीचा होता, मलेरियाचा. गायी तिथे तगत नव्हत्या, म्हशी तगल्या. विसाव्या शतकात पाणी काढून जमीन कोरडी केली, पण म्हशी राहिल्या.

कासेइफीचोच्या दुकानाला लागूनच आतलं काम दिसेल अशी मोठी काच होती. सिन्योरांची तिथे वर्षानुवर्षांची ओळख, त्यामुळे डोक्याला टोपी आणि पायात पिशव्या चढवून आम्हाला दाराशी उभं राहू दिलं. तिथे मी जे पाहिलं त्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यानंतरच मला ‘किती वाजताचं’ हा प्रश्न कळला.

म्हशीचं दूध मुळात घट्ट. त्यात सात-आठ टक्के स्निग्धांश असतो, गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट. सुमारे चार लिटर दुधात किलोभर मोझरेला निघतं. पहाटे आलेलं दूध कोमट करतात, अंगाच्या तापमानाला येईल इतपत. मग त्यात आदल्या दिवशीच्या चीजची निवळी घालतात, म्हणजे दूध फाटल्यावर सुटलेलं पाणी. आपण कालच्या दह्याचं विरजण लावतो तसंच हे. प्रत्येक कासारोचं विरजण आदल्या दिवसाकडून आलेलं, त्या दिवसाचं त्याच्या आदल्या दिवसाकडून, आणि म्हणून दोन शेजारच्या जागांची चव एक नसते. नंतर रेनेट घालून दूध घट्ट करतात, त्याचे अक्रोडाएवढे तुकडे करतात आणि ते निवळीखालीच काही तास आंबायला ठेवतात.

हे आंबणं किती वेळ चालेल ते घड्याळ ठरवत नाही. दमट हवा, दूध, विरजण, सगळ्यांवर अवलंबून. साधारण पाच तास म्हणतात, पण कासारो मूठभर तुकडे घेऊन उकळत्या पाण्यात टाकतो आणि काठीवर ओढून बघतो. पाकाची तार बघतो तसंच अगदी. आम्ही उभे होतो तेव्हा पहिली तार हातभर गेली आणि तुटली. त्याने मान हलवली, सगळे थांबले. कुणी घाई केली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी परत ओढली, ती लांबच लांब गेली, चमकली, तुटेना. मग एकदम धावपळ सुरू झाली.

तुकड्यांच्या पट्ट्या कापून मोठ्या पिंपात घातल्या, वर उकळतं पाणी ओतलं. एक जण एका हातात काठी आणि एका हातात वाडगा घेऊन ते सगळं खालून वर उचलत होता, ओढत होता, परत दुमडत होता. सुरुवातीला गुठळ्या, भुगा, मग हळूहळू एकजीव, आणि शेवटी रेशमासारखा चकाकणारा पांढरा लोळ. वाफेने काच धुरकटली. त्यानंतर दोघे समोरासमोर उभे राहिले. एकाने तो गरम लोळ दोन्ही हातांत धरला, दुसऱ्याने त्यातून एक गोळा वर काढून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पिळून तोडला. टप्पकन थंड पाण्यात. पुन्हा, पुन्हा. इटालियनमध्ये या तोडण्याला ‘मोत्सारे’ म्हणतात, आणि मोझरेला हे नाव त्यावरूनच. १५७० साली छापलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी यांच्या पाककृतींच्या ग्रंथात हा शब्द आलाय. त्या माणसांच्या हातांचे तळवे लालबुंद झाले होते आणि तरी गोळ्यामागून गोळा वजनात जवळजवळ सारखा.

चिमटीने तोडलेल्या जागी गोळ्यावर एक छोटी चुणी राहते. सिन्योरांनी मला ती बोटाने दाखवली. यंत्रातला गोळा सगळीकडून सारखा गुळगुळीत असतो. यंत्रावर बनवायला डीओपीच्या नियमांची आडकाठी नाही, यंत्राचंही चांगलं असू शकतं. पण आता मी कुठेही गेले तरी आधी ती चुणी शोधते.

थंड पाण्यातून गोळे मिठाच्या पाण्यात जातात आणि मग पिशवीत, त्याच प्रकारच्या पाण्यासकट. सिन्योरांनी काउंटरवर विचारलं, ‘किती वाजताचं?’ मुलगी म्हणाली, ‘आत्ताच, नऊचं.’ किलोला पंधरा युरो. आम्ही पाव-पाव किलोचे चार गोळे घेतले आणि मूठभर ‘बोक्कोन्चीनी’, म्हणजे घासाएवढे छोटे.

मला ते लगेच खायचं होतं. सिन्योरा म्हणाल्या, ‘छोटे खा. मोठ्याला थांब.’

बाहेरच्या बाकावर बसून मी बोक्कोन्चीनी तोंडात टाकलं. अजून कोमट. दातांखाली किंचित कुरकुरलं, चामट नाही, पण ताण असलेलं. पापुद्रा फाटला आणि आतून दूध उडालं, अक्षरशः हनुवटीवर ओघळलं. चव आधी गोडसर, मग बारीक आंबट, आणि सगळ्यात शेवटी ओल्या गवताचा, गोठ्याचा एक वास, जो मला सुपरमार्केटमधल्या कुठल्याच पाकिटात सापडला नव्हता. मीठ अगदी मागे. मी काही न बोलता दुसरं उचललं.

मोठ्या गोळ्याला थांबायचं का, ते घरी कळलं. बनल्यावर पहिले काही तास त्याची वीण घट्ट असते, ओढलेल्या तंतूंचे थर एकमेकांना धरून असतात. दुपारपर्यंत थर जरा सैल होतात, मधल्या फटींत दूध जमतं आणि मीठ आतपर्यंत पोचतं. आम्ही दीडच्या सुमाराला कापलं. सुरी टेकताच ताटलीत पांढरं पाणी पसरलं आणि कापलेल्या जागी कांद्यासारखे पापुद्रे दिसले. रंग चिनी मातीच्या बशीसारखा, जराही पिवळसर नाही, कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. त्याच गोळ्याचा अर्धा भाग मी मुद्दाम रात्री नऊला खाल्ला. चांगलाच होता, मऊ, सायीसारखा, आंबटपणा थोडा पुढे आलेला. पण दुपारचा तो ताण गेला होता. काही लोकांना रात्रीचंच आवडतं. मला दुपारचं. हे एकदा स्वतःच्या जिभेने तपासून बघण्यासारखं आहे.

फ्रिजचा मुद्दा त्या दिवशी मिटला. त्याच दिवशी संपणार असेल तर फ्रिज नकोच, पिशवी त्याच्या पाण्यासकट ओट्यावर, उन्हापासून लांब. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचंच झालं तर पाणी न ओतता ठेवायचं आणि खाण्याआधी पिशवी तशीच कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवायची. थंडीत त्यातला स्निग्धांश गोठतो आणि चव झाकली जाते. माझ्या पाहुण्यांना मी नेमकं तेच वाढलं होतं. उरलेलं कच्चं खायचं नाही, असं सिन्योरांचं मत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या ते पावाच्या दोन कापांमध्ये घालून, मैद्यात आणि अंड्यात घोळून तळायच्या. ‘मोझरेला इन कार्रोत्सा’, म्हणजे बग्गीत बसलेलं मोझरेला.

बरोबर काय खायचं? जवळजवळ काहीच नाही. पिकलेला टोमॅटो, तुळशीच्या जातीतलं बेसिल, ऑलिव्ह तेल. व्हिनेगर नाही, ते बाल्सामिको तर मुळीच नाही. इतक्या कष्टाने राखलेला दुधाचा गोडवा त्याने एका थेंबात मरतो, हे माझं ठाम मत झालंय.

पुढचे तीन महिने दर शनिवारी मी एकेक नवीन कासेइफीचो धरला. काझेर्ताकडचं, म्हणजे आवेर्साच्या बाजूचं, खारट आणि वीण घट्ट असलेलं निघालं. सालेर्नोकडचं मऊ आणि गोडसर. दोन्हीकडचे लोक आपलंच खरं म्हणून भांडतात आणि भांडू देत, मी दोन्ही खाते. चिलेंतोच्या डोंगरांत गेले तेव्हा ‘मोर्तेल्ला’मधलं मोझरेला मिळालं. रानमेंदीसारख्या मर्टल नावाच्या झुडपाच्या फांद्यांत बांधलेलं. पूर्वी वरच्या कुरणांतून खाली आणताना भांडी आणि पाणी कुठून वाहणार, म्हणून पाल्यात गुंडाळायचे. त्यामुळे ते कोरडं, चपटं आणि पाल्याच्या कडसर वासाचं. मला फार आवडलं.

पाकीट वाचायलाही शिकले. ‘दी बुफाला काम्पाना’ असेल आणि म्हशीचं डोकं असलेला उत्पादकांच्या संघाचा शिक्का असेल तर डीओपी. ‘कॉन लात्ते दी बुफाला’ असेल तर त्याचा अर्थ ‘म्हशीच्या दुधासह’, म्हणजे बाकीचं दूध गायीचं असू शकतं. एका छोट्या ‘कॉन’वर सगळं बदलतं. डीओपी मोझरेला सुटं मिळतं ते बनतं तिथेच, इतरत्र बंद पाकिटातच. उन्हाळ्यात आणखी जपायला हवं. म्हशींचं दूध निसर्गतः थंडीत जास्त आणि मोझरेलाची मागणी उन्हाळ्यात जास्त. डीओपीला ताजंच दूध लागतं, बाकीच्यांना तसं बंधन नाही.

शाकाहारी वाचकांना एक सांगायलाच हवं. डीओपी मोझरेलात वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरायचा नियम आहे. माझी एक सहकारी पूर्ण शाकाहारी होती, तिला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तिच्यासाठी आम्ही मास्कारपोने शोधला. लोम्बार्दीतला हा प्रकार, त्यात साय तापवून आम्लाने घट्ट करतात, रेनेट नसतं. तिने तो ताज्या अंजिरांबरोबर खाल्ला आणि खूश झाली.

आता रिकोटा. याला लोक दुय्यम समजतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. मोझरेला बनवून उरलेली निवळी पुन्हा तापवतात, नव्वद अंशांच्या आसपास. त्यात राहिलेली प्रथिनं वर येतात, ढगांसारखी. ‘रिकोटा’ म्हणजेच पुन्हा शिजवलेलं. झाऱ्याने उचलून छोट्या टोपलीत निथळायला ठेवतात. एका शनिवारी आम्ही बरोबर त्या वेळेला पोचलो आणि टोपली हातात आली तेव्हा चटका बसेल इतकी गरम होती. सिन्योरांनी पर्समधून दोन चमचे काढले. घरून आणले होते त्यांनी. आम्ही भिंतीला टेकून उभ्या उभ्या ती टोपली संपवली. साखर नाही, मीठ नाही, काही नाही. तोंडात घातल्यावर चावायला काही उरतच नव्हतं, नुसता गोड, गरम, ओला कण. तासाभराने तोच रिकोटा बसतो, घट्ट होतो, छानच लागतो, पण तो गरम घास परत येत नाही. मेंढीच्या दुधाचा रिकोटा मात्र थंडीत आणि वसंतात खावा, उन्हाळ्यात मेंढ्या आटतात.

बुर्रात्याचं मनातलं सल काढायला एकदा पुल्या प्रांतात आंद्रियाला जाऊन आलो. बुर्राता तिथला, २०१६ पासून त्याला डीओपीच्याच जातीचं आयजीपी संरक्षण आहे, आणि तो गायीच्या दुधाचा असतो. मोझरेलासारख्याच ताणलेल्या लोळाची पिशवी करतात, आत त्याच लोळाचे हाताने फाडलेले तंतू सायीत कालवून भरतात आणि वर गाठ. आतल्या सारणाला ‘स्त्राच्यातेल्ला’ म्हणतात, चिंध्या. उरलेले तुकडे आणि साय वाया जाऊ नये म्हणून हे सुचलं. काउंटरवर मी विचारलं, ‘किती वाजताचा?’ बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘अजून गाठ बांधतेय, थांबा.’ तो कापल्यावर साय धो-धो वाहिली नाही, हळूच बाहेर सरकली, गोड, स्वच्छ. रोमची संध्याकाळ तिथेच पुसली गेली.

निघायच्या दिवशी माझी रोमची गाडी अकराची होती. सामान बांधून खाली आले तर सिन्योरा दारात उभ्या, हातात पिशवी. पहाटे कुणाकडून तरी गाडी करवून त्या पेस्तुमला जाऊन आल्या होत्या. ‘आठचं आहे,’ म्हणाल्या. ‘दीडच्या आत खा. रोमपर्यंत नेऊ नकोस.’

मी दोनदा घड्याळ बघितलं. नेपल्स गेलं, फोर्मिया आलं, खिडकीतून समुद्र दिसायला लागला. मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवीची गाठ सोडली आणि गोळा हातानेच फोडला. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी मान उचलून बघितलं आणि विचारलं, ‘आजचं?’

‘आठचं,’ मी म्हटलं, आणि अर्धा त्यांच्यापुढे केला.